सीटी नॉर्मल, पण नलिका फुगलेली: मग एमआरआय वेगळं काय दाखवणार?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६३ वर्षांचे. सात महिन्यांपूर्वी मधुमेह निघाला, घराण्यात आधी कुणाला नव्हता. त्यानंतर पाच किलो वजन उतरलं, ते गोड बंद केल्यामुळे असेल असं घरच्यांनी धरलं. सोनोग्राफीत पित्ताशय ठीक, पण स्वादुपिंडाची नलिका ४.५ मिमी, म्हणजे फुगलेली. कॉन्ट्रास्ट (फोटोत उजळणारं औषध) देऊन सीटी केला, त्यात गाठ दिसली नाही. आता डॉक्टर एमआरआय आणि एमआरसीपी (त्याच मशीनवर काढलेले पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नलिकांचे फोटो) करा म्हणतात. सीटीत नाही ते यात दिसेल का? आणि यातही काही निघालं नाही तर निर्धास्त व्हायचं का?

आधी दोन्हींची सरळ उत्तरं देतो. पहिल्याचं: हो, दिसू शकतं, आणि ही तपासणी सांगणाऱ्या डॉक्टरांनी योग्य तेच केलं आहे. दुसऱ्याचं: नाही. नलिका का फुगली याचं कारण सापडेपर्यंत विषय संपत नाही, मग स्कॅन कितीही स्वच्छ येवो. मी रेडिओलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं रोज पोटाचे स्कॅन वाचतो आहे, आणि मला सगळ्यात जास्त वेळा तोंडघशी पाडलंय ते याच अवयवानं.

स्वादुपिंड बसलंयच अशा जागी की ते सहज सापडू नये. जठराच्या मागे, मणक्याच्या पुढे, आडवं. डोकं लहान आतड्याच्या वळणात अडकलेलं, शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेलं. लांबी जेमतेम १५ सेंमी. सोनोग्राफी करताना जठरातली आणि मोठ्या आतड्यातली हवा मध्ये येते, आणि ध्वनिलहरी हवेपलीकडे नीट जात नाहीत. म्हणून 'शेपटीकडचा भाग गॅसमुळे नीट दिसला नाही' असं वाक्य कितीतरी रिपोर्टांत सापडेल. लोकांना तो हलगर्जीपणा वाटतो, पण लिहिणारा प्रामाणिक आहे एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना नलिका दिसली, त्यांनी ती मोजली आणि आकडा लिहून ठेवला. पुढचं सगळं त्या आकड्यामुळे सुरू झालंय.

सीटी ही पहिली तपासणी म्हणून आजही बरोबरच. काही सेकंदांत अख्खं पोट होतं आणि रक्तवाहिन्या इतक्या स्वच्छ दिसतात की सर्जन त्यावरून ऑपरेशन आखू शकतो. स्वादुपिंडाचा नेहमी आढळणारा कर्करोग नलिकेच्या अस्तरातून उगवतो. त्याला रक्तपुरवठा कमी असतो आणि तो चिवट तंतूंनी भरलेला असतो. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर साधारण ४० ते ४५ सेकंदांनी निरोगी स्वादुपिंड उजळतं आणि गाठ काळसर राहते. अडचण अशी की काही गाठी आजूबाजूइतकाच कॉन्ट्रास्ट घेतात आणि सीटीत मिसळून जातात. सगळ्या आकारांचे कर्करोग धरले तर अशा गाठी शंभरात पाच ते अकरा. पण २ सेंमीपर्यंतच्याच गाठी मोजल्या तर हे प्रमाण पाव भागापर्यंत गेल्याची नोंद आहे. म्हणजे गाठ लहान असतानाच सापडायला हवी, आणि नेमकी तेव्हाच ती सीटीचा डोळा चुकवते. त्यातून तुमचा सीटी स्वादुपिंडासाठी खास वेळा लावून केला होता की पोटाचा नेहमीचा एकाच टप्प्याचा, हेही बघा. रिपोर्टच्या वरच्या चार ओळींत ते लिहिलेलं असतं.

एमआरआय सीटीसारखी घनता बघत नाही. शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनला तो चुंबकाच्या ओढीत उभा करतो, रेडिओलहरीनं धक्का देतो आणि तो पुन्हा कसा सावरतो ते टिपतो. प्रत्येक उती आपापल्या गतीनं सावरते. म्हणून एकाच जागेचे पाच-सहा प्रकारचे फोटो काढता येतात, आणि एका फोटोत लपलेली गोष्ट दुसऱ्यात उघडी पडते.

त्यातला माझा सगळ्यात लाडका फोटो साधा आहे, इंजेक्शनच्या आधी काढलेला: चरबीचा सिग्नल दाबून घेतलेला, टी-वन नावाच्या प्रकारातला. निरोगी स्वादुपिंड यात यकृतापेक्षाही उजळ दिसतं. पाचकरस बनवणाऱ्या पेशी प्रथिनांनी ठासून भरलेल्या असतात, त्यांत मँगनीजही असतं, म्हणून ही चमक. कर्करोगाच्या गाठीत या पेशी नसतात. पांढऱ्या धोतरावर चहाचा थेंब पडावा तशी ती दिसते, सेंटिमीटरभराची असली तरी. सीटीत चाचपडायला लावणारी गाठ या एका फोटोत पहिल्या नजरेत दिसली, असं मी पुष्कळदा पाहिलंय.

पण धोतर मुळात पांढरं असायला हवं. वय झालं, मधुमेह जुना झाला, दारूनं किंवा दुसऱ्या कशानं स्वादुपिंडाला वारंवार सूज येत राहिली, की ही चमक जाते. गाठीनं नलिका दाबली तर तुंबलेल्या बाजूचं सगळं स्वादुपिंड मलूल होतं, आणि गाठ कुठे संपली व सूज कुठे सुरू झाली ते या फोटोत कळत नाही. तेव्हा पुढच्या फोटोंकडे जावं लागतं.

डिफ्यूजन हा त्यातला एक. पाण्याचे रेणू किती मोकळे हिंडतात हे तो मोजतो. पेशी दाटीवाटीनं भरल्या असतील तर रेणूंना वाट मिळत नाही आणि ती जागा चमकते. दिवाळीच्या आधी तुळशीबागेत शिरल्यावर चालण्याचं जे होतं, तेच. डिफ्यूजनमुळे लहान गाठी सापडतात हे खरं, आणि काही डॉक्टर एवढ्यावरच निकाल देतात हेही खरं. पण सुजलेलं स्वादुपिंडही चमकतं, आणि हा फोटो जरा धूसर असतो. मी त्याला 'इकडे बघ' म्हणून दाखवलेलं बोट समजतो. बोट दाखवलेल्या जागी बाकीच्या फोटोंत काही सापडलं तरच पुढचं बोलतो.

आता एमआरसीपी. तुमच्या वडिलांच्या बाबतीत सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, म्हणून इथे जरा थांबतो. या फोटोची मांडणी अशी असते की साचलेला द्रव तेवढा पांढरा दिसतो, बाकी सगळं काळं. पित्त आणि स्वादुरस हेच इथले द्रव, म्हणून काळ्या पडद्यावर पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका एखाद्या झाडाच्या फांद्यांसारख्या उमटतात. त्याला इंजेक्शनही लागत नाही. ही पद्धत १९९१ मध्ये पहिल्यांदा मांडली गेली. त्याआधी या नलिका नीट बघायच्या तर बहुधा तोंडातून दुर्बीण घालून त्यांत औषध सोडावं लागे, आणि त्या खटाटोपानंच कधीकधी स्वादुपिंडाला सूज येई.

निरोगी माणसाची मुख्य नलिका साधारण २ ते ३ मिमीची असते, डोक्याकडे किंचित रुंद, शेपटीकडे निमुळती. वयानुसार थोडी वाढते. ४.५ हा आकडा एकटा घेतला तर त्यानं घाबरून जाऊ नये. मी आकड्याच्या आधी आकार बघतो. नलिका डोक्यापासून शेपटीपर्यंत सारखीच रुंद आहे, की कुठेतरी एकदम अरुंद होऊन त्याच्या मागे फुगली आहे? अरुंद जागा हळूहळू निमुळती होते, की कात्रीनं कापल्यासारखी थांबते? मागच्या बाजूचं मांस जिथल्या तिथे आहे, की झिजून नलिकेभोवती पातळ पट्टी उरली आहे? शेतकऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पाटाचं पाणी एका वाफ्यापाशी तुंबलं तर दगड दिसो वा न दिसो, तो कुठे आहे हे त्याला कळतं. लहान गाठीच्या बाबतीत मीही बहुतेक वेळा तुंबलेलं पाणीच बघत असतो. गाठ नंतर सापडते, आणि कधी सापडतही नाही.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी साठीतल्या एका बाईंचा एमआरसीपी पित्ताच्या खड्यांसाठी आला होता. खडे किती, केवढे, पित्तनलिकेत उतरलेत का, सगळं मी नीट लिहिलं. स्वादुपिंडाबद्दल लिहिलं, 'नलिका किंचित ठळक.' बस. आठ-नऊ महिन्यांनी त्याच बाईंचा सीटी माझ्यासमोर आला तेव्हा स्वादुपिंडाच्या मधल्या भागात ३ सेंमीची गाठ होती आणि यकृतात ठिपके होते. जुनी सीडी काढून पाहिली. नलिका नेमक्या त्याच जागी तुटलेली होती, फोटोत स्पष्ट. मी खड्यांच्या नादात होतो. तेव्हापासून 'किंचित ठळक' हे शब्द माझ्या रिपोर्टांतून गेले. किती मिमी, कुठून कुठपर्यंत, कुठे एकदम बदलते, एवढं लिहिल्याशिवाय सही करत नाही.

जपानमध्ये हीच गोष्ट पद्धतशीरपणे करून पाहिली गेली. हिरोशिमा प्रांतातल्या ओनोमिची या बंदराच्या गावी २००७ पासून मोठं रुग्णालय आणि गावातले फॅमिली डॉक्टर मिळून काम करतात. नव्यानं आलेला किंवा अचानक बिघडलेला मधुमेह, फुगलेली नलिका, छोटी पाण्याची गाठ असं काही दिसलं की फॅमिली डॉक्टर रुग्णाला पुढे पाठवतात, मग एमआरसीपी आणि दुर्बिणीतली सोनोग्राफी होते. अगदी सुरुवातीचे, अजून नलिकेच्या अस्तरापुरतेच असलेले कर्करोग तिथे सापडले. अशा रुग्णांत गाठ म्हणून दिसण्यासारखं काही नसतंच. नलिकेचा एक तुकडा अरुंद झालेला असतो, आणि त्याच्या शेजारी स्वादुपिंडाला चिमटा काढावा तसा खळगा पडलेला असतो. म्हणून माझं तरुण सहकाऱ्यांना एकच सांगणं असतं की गाठ शोधायला बसू नका, आधी नलिकेवरून बोट फिरवत जा.

कॉन्ट्रास्टचा भाग यानंतर येतो. गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन चार-पाच वेळा श्वास रोखून फोटो काढतात. पहिला रक्तवाहिन्या उजळतात तेव्हा, मग स्वादुपिंड उजळतं तेव्हा, मग यकृत, शेवटी काही मिनिटांनी. कर्करोगाची गाठ आधी काळी राहते आणि उशिरा हळूहळू उजळते, कारण तंतूंमध्ये औषध सावकाश झिरपतं. याच्या उलट वागतात त्या संप्रेरकं बनवणाऱ्या गाठी. त्यांतली इन्सुलिनोमा म्हणजे पहाटे घाम फुटून बरळणारा, साखर तोंडात पडताच ताळ्यावर येणारा रुग्ण. व्हिपल नावाच्या अमेरिकी सर्जननं या लक्षणांचं त्रिकूट बांधून दिलं, आणि स्वादुपिंडाच्या डोक्याच्या मोठ्या ऑपरेशनलाही त्याचंच नाव आहे. या गाठी बहुतेक २ सेंमीच्या आत असतात, पहिल्या टप्प्यात मण्यासारख्या चमकतात आणि दहा सेकंदांत आजूबाजूत विरून जातात. टेक्निशियनची वेळ चुकली की मणी गेला. तुमच्या वडिलांचं चित्र हे नव्हे, म्हणून इथे एवढंच.

एमआरआयचा एक दोषही सांगायला हवा: त्याला जरा जास्तच दिसतं. जर्मनीच्या ईशान्येला पोमेरानिया भागात सर्वसामान्य लोकांचे एमआरसीपी करून पाहिले, तर २ मिमीपासूनच्या पाण्याच्या गाठी जवळजवळ निम्म्या लोकांत निघाल्या. निम्म्या! त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. तुमच्या वडिलांच्या रिपोर्टमध्ये '६ मिमीची सिस्ट' असं आलं तर हे आठवा. रेडिओलॉजीत एक जुनी खूण शिकवतात: आजीची, आईची आणि मुलीची गाठ. आजीच्या वयाची ती मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक कप्प्यांची, बहुतेक निरुपद्रवी. आईच्या वयाची, चाळिशी-पन्नाशीतली, शेपटीकडची, जाड आवरणाची, ती बऱ्याचदा काढावी लागते. मुलीच्या वयाची म्हणजे तरुण बायकांतली, निम्मी भरीव आणि निम्मी पोकळ. पुरुषांत आणि उतारवयात सर्वाधिक भेटते ती चौथी, नलिकेशी जोडलेली, द्राक्षाच्या घडासारखी. हिला आयपीएमएन म्हणतात. तिचं पहिलं वर्णन १९८२ मध्ये जपानमधूनच आलं. ती नलिकेशी जोडलेली आहे की नाही हे एमआरसीपीइतकं चांगलं सीटी सांगू शकत नाही.

या घडाचं काय करायचं याचे नियम २०२४ च्या क्योटो मार्गदर्शिकेत आहेत. काळजीचे म्हणून गणलेले आकडे असे: गाठ ३ सेंमी किंवा मोठी, मुख्य नलिका ५ ते ९ मिमी, वर्षाला २.५ मिमी किंवा जास्त वाढ. नव्यानं आलेला मधुमेहही त्या यादीत आहे. नलिका १० मिमी किंवा जास्त, गाठीच्या आत ५ मिमी किंवा मोठा, कॉन्ट्रास्ट घेणारा अंकुर, किंवा कावीळ असेल तर ऑपरेशनची चर्चा लगेच सुरू होते. २ सेंमीपेक्षा लहान आणि बाकी काही नसेल तर सहा महिन्यांनी एकदा आणि मग दर दीड वर्षानं पाहिलं तरी चालतं. अशा पाळतीला दर वेळी कॉन्ट्रास्टही लागत नाही, आणि किरणोत्सर्ग नसल्यामुळे वर्षानुवर्षं एमआरआय करायला हरकत नसते.

फसवणाऱ्या गोष्टीही आहेत. स्वादुपिंडाच्या डोक्याच्या पुढच्या भागात कधी चरबी साचते, आणि सीटीत तो तुकडा काळा दिसून घरभर घबराट होते. एमआरआयमध्ये यावर एक छान उपाय आहे. पाणी आणि चरबी यांचे सिग्नल एकदा बेरजेत आणि एकदा वजाबाकीत घेतले की वजाबाकीच्या फोटोत चरबीवाला भाग काळा पडतो. विषय तिथेच मिटतो, सुई घालावी लागत नाही. शेपटीत कधी प्लीहेचा एखादा चुकार तुकडा बसलेला असतो आणि तो थेट गाठीसारखा दिसतो. प्रत्येक फोटोत तो मूळ प्लीहेचीच नक्कल करतो, यावरून ओळखायचा. स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे सुजलेलं स्वादुपिंड कर्करोगाचं सोंग इतकं बेमालूम घेतं की त्यासाठी ऑपरेशनं झालेली आहेत. तिथे नलिका सुजलेल्या भागातून अरुंद होत का होईना पण आरपार जाताना दिसते, कर्करोगात ती बहुधा तुटते. आणि आपल्याकडे क्षयाच्या गाठी विसरून चालत नाही. स्वादुपिंडाला चिकटलेली क्षयाची लसिकाग्रंथी बाहेरच्या पुस्तकांत तळटीपेत असते, आपल्या कामात ती अधूनमधून समोर येते.

आता तुमच्या हातातल्या गोष्टींकडे येतो.

कागदावर नेमकं काय लिहिलंय ते पाहा. 'फक्त एमआरसीपी' ही स्वस्त आणि पंधरा-वीस मिनिटांची तपासणी आहे. खड्यांसाठी ती पुरते. तुमच्या वडिलांना पोटाचा कॉन्ट्रास्ट एमआरआय, सोबत डिफ्यूजन आणि एमआरसीपी असं सगळं लागेल. डॉक्टरांना सांगून कागदावर 'स्वादुपिंडासाठी' असं स्पष्ट लिहून घ्या, त्याखाली 'नवा मधुमेह, वजन घट, नलिका ४.५, सीटीत गाठ नाही' या चार गोष्टी. तुम्हाला नवल वाटेल, पण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक कागदांवर फक्त 'पोटदुखी' असं असतं. मला प्रश्न कळला तर टेक्निशियनला मी बारीक काप घ्यायला सांगतो, वेळा बदलतो आणि रुग्ण टेबलावर असतानाच फोटो बघतो.

मशीन दीड टेस्लाचं की तीनचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) यावरून लोक फार घासाघीस करतात. तीनवर फोटो अधिक रेखीव येतात, पण पोटात पाणी असेल तर तेच मशीन जास्त फसतं. नीट चालवलेलं दीड टेस्ला मला पुरतं. त्यापेक्षा विचारा की पोटाचे एमआरआय वाचणारे डॉक्टर तिथे कोण आहेत.

तपासणीआधी चार ते सहा तास उपाशी राहायला सांगतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्या सकाळचा डोस कसा घ्यायचा हे आधीच विचारून ठेवा, नाहीतर रांगेत साखर उतरते. काही ठिकाणी आधी पेलाभर अननसाचा रस देतात. ते आदरातिथ्य नव्हे. त्यातल्या मँगनीजमुळे जठरातलं आणि आतड्यातलं पाणी फोटोत काळं पडतं, म्हणजे ते नलिकांच्या आड येत नाही. रस्त्याकडेच्या साखर घातलेल्या रसाबद्दल मी बोलत नाही, मधुमेह्याला तर मुळीच नको. केंद्रात विचारा, ते सांगतील.

किडनीसाठी क्रिएटिनिन करून घ्या. किडनी ३० टक्क्यांच्या खाली काम करत असेल तर गॅडोलिनियमबद्दल वेगळा विचार करावा लागतो, एरवी आजची औषधं बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, हे सगळं लपवू नका. करदोट्यातला चांदीचा ताईत, बंडीला लावलेली सेफ्टी पिन, खिशातली नाणी या गोष्टी घरीच काढून ठेवा. आई सोबत आत जाणार असतील तर त्यांची जोडवी आणि मंगळसूत्रही.

आणि श्वास. या तपासणीची सगळी मदार यावर आहे. स्वादुपिंड श्वासाबरोबर वरखाली होतं, आणि सेंटिमीटरभराची गाठ हलत्या फोटोत पुसली जाते. 'श्वास सोडा, आता रोखा' असं दहा-बारा वेळा सांगतील, दर वेळी पंधरा-अठरा सेकंद. घरी खुर्चीत बसून रोज दहा वेळा सराव करायला लावा. श्वास भरून नव्हे, सोडून रोखायचा, म्हणजे दर वेळी अवयव जवळपास त्याच जागी येतो. दम्यामुळे जमत नसेल तर आधी सांगा. श्वासाच्या लयीवर फोटो काढायची सोय असते, वेळ जास्त लागतो इतकंच. मला आलेल्या 'नॉर्मल' एमआरआयपैकी काही खरं म्हणजे 'हललेले' एमआरआय होते, आणि रिपोर्टात तसं लिहिलेलं नव्हतं. तुमच्या रिपोर्टात 'मोशन' हा शब्द दिसला तर तपासणी पुन्हा करावी का, हे विचारायला लाजू नका.

आता समजा, सगळं नीट झालं आणि गाठ नाही. मग दोन चित्रं असू शकतात. नलिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी, गुळगुळीत, मांस शाबूत, आणि तिच्या तोंडाशीही काही नाही: अशा वेळी वय, जुनी सूज किंवा त्या माणसाची ठेवणच तशी असू शकते, आणि तीन-सहा महिन्यांनी पुन्हा पाहणं पुरतं. दुसरं चित्र म्हणजे नलिका एका जागी अडलेली आहे पण अडवणारं काही दिसत नाही. इथे वाट पाहण्याला माझा ठाम विरोध आहे. पुढची पायरी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडची. यात दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी असते, ती जठरातून स्वादुपिंडाच्या अंगाला जाऊन भिडते, मध्ये हवा नाही, चरबी नाही. २ सेंमीपेक्षा लहान भरीव गाठींसाठी ती एमआरआयपेक्षाही तिखट नजरेची आहे, आणि संशय आला तर त्याच वेळी सुईनं तुकडा घेता येतो. ती करणाऱ्याचा हात मात्र सरावलेला हवा. पुण्या-मुंबईत, नागपुरात ती होते. लहान गावांतून प्रवास करावा लागतो, पण अशा वेळी तो करावा. नलिकेच्या तोंडापाशी, म्हणजे ती लहान आतड्यात उघडते तिथे, बसलेली गाठही दुर्बिणीत सरळ डोळ्यांनी दिसते. ती एमआरआयमध्ये आतड्याच्या घडीत हरवते.

सीए १९-९ ही रक्ततपासणी बहुतेक सांगतीलच. ३७ पर्यंत नॉर्मल म्हणतात. ती जास्त आली तर लगेच कर्करोग धरू नका, पित्त तुंबलं तरी वाढते. कमी आली म्हणून सुटकेचा निःश्वासही टाकू नका. शंभरात पाच-दहा माणसांच्या शरीरात हा पदार्थ बनतच नाही.

नव्या मधुमेहाबद्दल तुमच्या मनात जी भीती आहे तिला आकडा देतो. अमेरिकेत मेयो क्लिनिकनं आपल्या परिसरातल्या पन्नाशीपुढच्या नव्या मधुमेह्यांचा मागोवा घेतला. तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला तो शंभरात एकाला, किंबहुना थोड्या कमी लोकांना. वजन उतरत असेल आणि नलिका फुगलेली असेल तर ही शक्यता वाढते, म्हणून तर ही धावपळ. तरीही तुमच्या वडिलांकडे जुनी सूज, छोटा खडा, निरुपद्रवी घड यांतलं काहीतरी निघण्याची शक्यता बरीच आहे, आणि एमआरआय यातलं बरंच उलगडून दाखवेल. खडा मात्र त्यात पांढऱ्या नलिकेतली काळी पोकळी म्हणून दिसतो. त्याचा चुना सीटीतच नीट दिसतो, म्हणून तो सीटी वाया गेला असं समजू नका.

तीच सीटीची सीडी एमआरआयच्या दिवशी सोबत न्या, फिल्म नको. फिल्मवर नलिका मोजता येत नाही, आणि दोन्ही स्कॅन एकाच पडद्यावर शेजारी ठेवले की सीटीत 'नाही' म्हटलेली जागा बऱ्याचदा आपोआप डोळ्यात भरते. रिपोर्ट हातात आल्यावर शेवटचा निष्कर्ष वाचायच्या आधी मधला परिच्छेद वाचा. तिथे नलिकेचं माप मिमीमध्ये आणि ती कुठे बदलते ते लिहिलेलं असेल. नसेल, तर परत जाऊन लिहून मागा.